साठ-सत्तर हजारांत विमान उडवायचं, तर पैसे कुठे घालावेत?

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून भाच्याने आणलेलं कोटेशन समोर आहे. कोअर आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क, ५०० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट. खाली बॉलपेनने दुकानदाराचा शेरा: ‘सब गेम चलेंगे भिया’. आकडे सगळे भरघोस, किंमत खिशाला झेपणारी. पण भाच्याला खेळायचेत विमान उडवायचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ आणि शहर वसवायचा सिटीज: स्कायलाइन्स २. या मशीनवर पहिला धड सुरू होणार नाही, आणि दुसरा सुरू झालाच तर रडवेल.

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे येणारं बहुतेक गिऱ्हाईक जे जुने हलके गेम खेळतं, ते यावर चालत असतीलही. सिम्युलेशनचं गणित निराळं असतं. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी विकण्यात नफा जास्त, म्हणून कारखान्यांचा ओढा तिकडे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर करून टाकलं. हात आखडता घ्यावाच लागणार आहे, तर निदान कुठे आखडायचा ते कळायला हवं.

## सिम्युलेशन गेम वेगळा कशाने?

मारामारीच्या गेममध्ये कॉम्प्युटरचा जीव मुख्यतः चित्र काढण्यात जातो. समोर जे दिसतंय ते झकास दिसलं की झालं, पाठीमागचं बरंचसं विसरलं तरी चालतं. सिम्युलेशनमध्ये मात्र जे दिसत नाही, तेही सतत चालू ठेवावं लागतं. तुम्ही शहराच्या पूर्वेला पूल बांधत असता तेव्हा पश्चिमेला कुणी कामावरून घरी निघालेलं असतं, कुठला रस्ता मोकळा ते शोधत असतं, कचऱ्याची गाडी सिग्नलला अडकलेली असते. एक्स-प्लेन १२ या उड्डाणाच्या गेममध्ये विमानाच्या पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती, हे सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने मोजलं जातं. पडद्यावर काय दिसतंय याच्याशी या हिशेबाचा फारसा संबंध नाही.

एक शब्द इथेच सांगून ठेवतो: फ्रेम. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० हव्या असतील तर जेमतेम १७. तेवढ्या वेळात हिशेबही व्हायला हवा आणि चित्रही. दोघांतला जो मागे पडेल, त्याच्या चालीने सगळा गेम चालतो.

## हिशेब कोण करतं, चित्र कोण काढतं?

कॉलनीतल्या गणपतीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. मुख्य आचारी एक, हाताखाली चिरणारे-मळणारे पाच-सात. ही सगळी मंडळी मिळून प्रोसेसर, आणि त्यातला एकेक माणूस म्हणजे एक कोअर. पंगतीत फिरणारे वाढपी म्हणजे ग्राफिक्स कार्ड: शेकडो पानांवर एकाच वेळी तेच ते वाढणारी फौज. आचाऱ्याच्या हाताशी मिसळणाचा डबा असतो, ती कॅश मेमरी. मागच्या खोलीतली पोती आणि डबे म्हणजे रॅम. किराणा दुकान म्हणजे डिस्क.

आता फोडणी द्यायची ती आचाऱ्यानेच. ती झाल्याशिवाय भाजी पडत नाही, भाजी शिजल्याशिवाय वाढपी हलत नाहीत. चिरणारे पाचाचे पंधरा केलेत तरी फोडणीला वेळ तेवढाच लागणार. वाढपी दुप्पट आणलेत तर ते रिकामी बादली घेऊन उभे राहतील. गेममधल्या या आचाऱ्याला मुख्य थ्रेड म्हणतात: एकापाठोपाठ एकच करता येणाऱ्या कामांची साखळी, जी एका वेळी एकाच कोअरवर चालते. सिम्युलेशन गेममध्ये ही साखळी लांबलचक असते.

यातून दोन गोष्टी निघतात. कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती चपळ आहे ते आधी बघायचं. आणि हाताशी असलेला डबा मोठा हवा, कारण दर मिनिटाला मागच्या खोलीत जाणारा आचारी कितीही चपळ असला तरी स्वयंपाक लांबतोच. हा डब्याचा मुद्दा कुणाला किरकोळ वाटेल, म्हणून एक उदाहरण. एएमडीचे रायझन ७ ५८००एक्स आणि रायझन ७ ५८००एक्स३डी हे जवळपास सख्खे भाऊ, दोघांनाही ८ कोअर. धाकट्याचा वेग कागदावर थोडा कमीच, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. पण त्याची कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी. एप्रिल २०२२ मध्ये तो बाजारात आला आणि फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ यांसारख्या गेममध्ये त्याने थोरल्याला सरळ मागे टाकलं.

## ‘पण माझा टास्क मॅनेजर तर प्रोसेसर तीस टक्केच वापरात दाखवतो!’

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणाऱ्याची चूक नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो. ६ कोअर आणि १२ थ्रेडच्या, म्हणजे एकेका कोअरवर दोन-दोन कामं चालवणाऱ्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी सरासरीत तो ८ टक्केच भरतो. म्हणजे आचारी घामाघूम, बाकीचे गप्पा मारत बसलेले, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की मंडळी निवांत आहेत.

खरा अडथळा कुठे आहे ते घरच्या घरी कळतं. गेमचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम झपकन वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होतं. जवळपास होत्या तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडला आहे, आणि नवं कार्ड घालून हातात काही पडणार नाही. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तर डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा तक्ता उघडला, की मुख्य थ्रेडमुळे अडलंय की ग्राफिक्समुळे हे गेम स्वतःच लिहून दाखवतो. नवीन मशीन घेण्याआधी मित्राच्या कॉम्प्युटरवर एवढं जरी बघून आलात, तरी दुकानात बोलताना आवाजात जोर येतो.

## कोणता गेम कुणाला दमवतो?

‘सिम्युलेशन’ या एका नावाखाली बरीच निरनिराळी मंडळी नांदतात.

फॅक्टोरिओ हा कारखाने उभारायचा गेम म्हणजे शुद्ध हिशेब. दर सेकंदाला ६० वेळा तो सगळ्या कारखान्याचा ताळेबंद मांडतो. प्रोसेसरला ते जमेना की चित्र अडखळण्याऐवजी गेममधली वेळच संथ होते, पट्टे आणि यंत्रं सगळीच जड पावलांनी चालू लागतात. इथे भारी ग्राफिक्स कार्ड म्हणजे पैसे पाण्यात.

सिटीज: स्कायलाइन्सचा पहिला भाग २०१५ चा. त्यात वस्ती लाखाकडे सरकली की मुख्य थ्रेड धापा टाकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने हिशेब बऱ्याच कोअरवर वाटून घेतला, म्हणजे हा गेम ‘कोअर कशाला हवेत’ या नियमाला अपवाद. पण आला तेव्हा त्याने ग्राफिक्स कार्डांना घाम फोडला होता. चित्रातला तपशील दुरून बघताना कमी करायचा असतो, तो पुरेसा केलेलाच नव्हता. आकाशातून मुंगीएवढ्या दिसणाऱ्या नागरिकांच्या तोंडातले दातसुद्धा साग्रसंगीत घडवलेले होते. त्या वेळी कंपनीने शिफारस केलेलं कार्ड होतं आरटीएक्स ३०८०, म्हणजे एका कार्डातच अख्खं बजेट साफ. पुढे अपडेटनी पुष्कळ सुधारणा झाली, तरी मोठं शहर उभारायचं तर अजूनही प्रोसेसर आणि रॅम दोन्ही दमदार लागतात.

विमानांचं तसंच. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची कंपनीने दिलेली किमान गरज १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स ९७० कार्ड आहे, तर शिफारस ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीच्या कार्डाची. हा गेम दोघांनाही राबवतो, पण एकाच वेळी नाही. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून, म्हणजे नकाशात ज्याचा कोड व्हीएआयडी आहे तिथून, छोटं सेसना घेऊन सिमरोळच्या डोंगरांवर फिरायला निघालात तर भार बराचसा ग्राफिक्सवर असतो. त्याऐवजी मोठं प्रवासी विमान घेऊन मुंबईला उतरायला गेलात, की कॉकपिटमधले पाच-सहा डिजिटल पडदे, आसपासची इतर विमानं, खालची इमारतींची गर्दी हे सगळं एकदम मुख्य थ्रेडच्या डोक्यावर बसतं. नेमकं चाकं टेकायच्या वेळी चित्र अडखळतं.

यावर फुकटचा उपाय आहे आणि फार कमी लोक तो करतात. सेटिंगमध्ये ढग, सावल्या, रिझोल्यूशन यांचा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीवरचा तपशील), रहदारी आणि कॉकपिटच्या पडद्यांचा रिफ्रेश दर हा भार प्रोसेसरवर. बहुतेक जण पहिल्या गटातलं सगळं उतरवून गेम भकास करून टाकतात आणि दुसरा गट तसाच ठेवतात.

युरो ट्रक सिम्युलेटर २ सारखा २०१२ चा गेम साध्या मशीनवरही छान पळतो, त्याची काळजी करू नका.

## कोटेशनची चिरफाड

आता भाच्याचा कागद घेऊ. ‘आय-७’ या शब्दापुढे नेमका नंबर लिहिलेला नव्हता. फोन करून विचारलं तर निघाला आय७-४७७०, म्हणजे २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा. ४ कोअर, ८ थ्रेड. त्याच्यासमोर २०२२ चा आय३-१२१००एफ ठेवा: त्यालाही ४ कोअर, ८ थ्रेडच. पण नऊ वर्षांत एकेका कोअरची चपळाई इतकी वाढली, की हा ‘छोटा’ आय-३ त्या आय-७ ला कुठल्याही सिम्युलेशनमध्ये धूळ चारतो. प्रोसेसर घेताना नावातला आय-३, आय-५, आय-७ सोडा आणि पुढचा आकडा वाचा. शेवटच्या ‘एफ’चा अर्थ एवढाच, की आत स्वतःचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच.

तोच सापळा दुसऱ्या टोकालाही आहे. चीनमधून येणारे जुने सर्व्हरचे झिऑन प्रोसेसर, १२ कोअर, २४ थ्रेड, स्वस्तात. व्हिडिओ रेंडर करायला ठीक असतील. पण एकेक कोअर मंद, त्यामुळे विमान आणि शहर दोघांसाठी निरुपयोगी.

माझी पसंती सांगतो. घट्ट बजेटमध्ये इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००. दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेडचे आणि डीडीआर४ रॅमवर चालणारे. दुकानदार ‘५६०० नहीं है, ५५०० ले लो, सेम है’ म्हणाला तर मान हलवू नका. कोअर तेवढेच असले तरी ५५०० ची कॅश १६ एमबी, ५६०० ची ३२. ५६००जी मध्येही १६ च. इतर कामात हा फरक खपून जातो, सिम्युलेशनमध्ये नेमका बोचतो. बजेट थोडं ताणता आलं तर रायझन ५ ७६०० आणि एएम५ या सॉकेटचा मदरबोर्ड. त्याला डीडीआर५ रॅम लागते, जी सध्या महाग आहे, पण दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर मोठ्या कॅशचा एक्स३डी प्रोसेसर बसवण्याची वाट मोकळी राहते.

पुढची ओळ ग्राफिक्स कार्डाची. ‘४ जीबी’ म्हणजे जीटी ७३०, मूळचं २०१४ चं. जीबीचा आकडा म्हणजे कार्डाची साठवण, ताकद नव्हे. नवीन कार्डांतही नावांचा घोळ आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन कार्डं मिळतात. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (इथे कोअर म्हणजे एकेक वाढपी), नंतर आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४, शिवाय मेमरीचा रस्ताही १२८ ऐवजी ९६ बिटचा. म्हणजे फरक नुसता २ जीबीचा नाही. १०८० रिझोल्यूशनवर खेळणाऱ्याला ८ जीबीचं रॅडिऑन आरएक्स ६६०० किंवा त्या तोडीचं कुठलंही कार्ड पुरतं. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड आकर्षक दिसतं, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, प्रोसेसरकडून जादा काम करून घेतो. ज्या गेममध्ये आधीच प्रोसेसर अडतो, तिथे स्वस्त प्रोसेसरबरोबर ती जोडी मी लावणार नाही.

हार्ड डिस्कच्या जागी एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी चपळ डिस्क), निदान ५०० जीबीची. यावर वाद नको. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ बराचसा नकाशा खेळता खेळता इंटरनेटवरून ओढतो, म्हणून ब्रॉडबँडही बघा: कंपनीने किमान १० एमबीपीएस आणि शिफारस म्हणून ५० सांगितलेत.

## रॅम महाग आहे, मग १६ वर भागवू?

भागवा, पण १६ ची एक पट्टी घेऊ नका. ८-८ च्या दोन घ्या. एका पट्टीवर प्रोसेसरला रॅमकडे जायला एकच रस्ता मिळतो, दोन पट्ट्यांवर दोन. हिशेबाच्या गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. डीडीआर४ चा चार खाचांचा बोर्ड घेतलात तर भाव उतरल्यावर आणखी दोन पट्ट्या घालून ३२ करता येतील. घरी जुन्या मशीनमधल्या डीडीआर४ पट्ट्या पडून असतील तर त्या आधी शोधा, आज त्यांना मोल आहे. आणि मशीन जोडणाऱ्याकडून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू करून घ्या. नाहीतर पाकिटावरच्या वेगाचे पैसे भरलेली रॅम त्यापेक्षा कमी वेगाने चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

## ‘त्यापेक्षा लॅपटॉप घेतो’, ‘ऑफिसचं जुनं मशीन मिळतंय’, ‘मग एक्सबॉक्सच का नाही?’

कॉलेजसाठी लॅपटॉप लागणारच असेल तर समजू शकतो. पण आरटीएक्स ४०६० लिहिलेला एक लॅपटॉप त्या चिपला ३५ वॉट देतो आणि दुसरा ११५. डब्यावर नाव तेच, आत जमीन-अस्मानाचा फरक. तो वॉटचा आकडा मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय मे महिन्यात बंद खोलीत दोन तासांचं उड्डाण केलंत की लॅपटॉप तापून स्वतःचाच वेग उतरवतो.

ऑफिसमधून निघालेल्या जुन्या मशीनचं आणखी एक दुखणं आहे. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यांचे एसएमपीएसही बहुधा कमी ताकदीचे आणि वेगळ्या जोडणीचे, म्हणजे पुढे कार्ड घालायचं तर तेही बदलायला जागा नाही. आठव्या पिढीपुढचं, साध्या कॅबिनेटमधलं मशीन बिलासकट मिळत असेल तर जरूर बघा.

एक्सबॉक्सचा प्रश्न मात्र रास्त आहे. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ एक्सबॉक्स सिरीज एसवर चालतो आणि तेवढाच एक गेम खेळायचा असेल तर हिशेबाने तो स्वस्त पडतो. एक्स-प्लेन १२ किंवा फुकटातले शेकडो मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) हवे असतील तर कॉम्प्युटरच लागेल.

## एसएमपीएस आणि आपला उन्हाळा

रायझन ५ ५६०० ला साधारण ६५ वॉट, आरएक्स ६६०० ला १३२. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस मजेत पुरतो. कोटेशनमधला ‘५०० वॉट’ बिननावाचा होता, त्यावर कार्यक्षमतेचा ८० प्लस शिक्काही नव्हता. तो गेला तर एकटा जात नाही, बोर्ड किंवा कार्ड घेऊन जातो. रंगीत दिवे काढा आणि ते पैसे इथे घाला. कॅबिनेट समोरून जाळीचं हवं. पुढे बंद काच म्हणजे चाळीस अंशांच्या दुपारी आतली गरम हवाच पंखा फिरवत बसतो. यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट समजू नका, साधारण ३६० मिळतात. गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरते ते ठीक.

## पैसे देण्याआधी

प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल नाव लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल मागा. ‘आय-७, ४ जीबी कार्ड’ असं मोघम बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही. मशीन दुकानातच चालू करायला सांगा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडा. तिथे रॅमचा वेग आणि चारपैकी किती खाचा भरल्यात हे दोन्ही दिसतं. वेग पाकिटावरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर एक्सएमपी तिथल्या तिथे चालू करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ग्राफिक्स कार्डाचं नाव जीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅममध्ये ताडून बघा. मॉनिटरची केबल मागच्या बोर्डात नाही, ग्राफिक्स कार्डात लागली आहे ना, हेही.

भाच्याने परवा नवीन कोटेशन आणलं. आय५-१२४००एफ, ८-८ च्या दोन पट्ट्या, आरएक्स ६६००, ५०० जीबी एसएसडी. दिवे गेले, कॅबिनेट जाळीचं आलं. मॉनिटर सध्या घरचा जुनाच, आणि जॉयस्टिक दिवाळीनंतर.